सोपानतात्यांचं 'के'

आमचे शेजारी सोपानतात्या बोलणं संपलं की 'के' म्हणतात. कुणाशीही आणि कुठंही. एसटीत चढले की कंडक्टरला सांगतात, "इंदापूर एक. के." कंडक्टर नवा असला की पंचाईत होते. तो म्हणतो, के नावाचा थांबा या रस्त्याला नाही, इंदापूर द्यायचं की के द्यायचं ते एकदाचं ठरवा. तात्या यावर काही बोलत नाहीत. शांतपणे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. कारण कंडक्टरनं त्याचं बोलणं संपल्यावर 'के' म्हटलेलं नसतं, आणि समोरच्यानं 'के' म्हटल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही, असा तात्यांचा नेम आहे.

या नेमाचा ताप मलाही झालाय. शेळगावात माझं औषधांचं दुकान आहे आणि घर तात्यांच्या भिंतीला भिंत लावून. लग्न होऊन मी इथं आले, दुकान सुरू केलं, तेव्हाची गोष्ट. तात्या आले आणि म्हणाले, "डोक्याची गोळी दे पोरी. के." मी विचारलं, कुठं दुखतंय, एका बाजूला की सगळं डोकं? तात्या गप्प. मी विचारलं, पित्ताचा त्रास आहे का? तरी गप्प. नुसते माझ्याकडे टक लावून बघतायत. म्हटलं, नव्या दुकानात पहिल्याच आठवड्यात माणसाची वाचा गेली. खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, पाणी पाजलं, काकूंना बोलवायला माणूस धाडणार, तेवढ्यात मागचं गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "अवो बाई, के म्हना की. आमालाबी घरी जायाचंय." मी 'के' म्हटलं आणि तात्या घड्याळाला चावी दिल्यासारखे बोलायला लागले. पित्तच होतं.

खरं तर दोष तात्यांचा नाही, त्यांच्या नोकरीचा आहे. ते इंदापूरच्या तारघरात होते. कट्ट आणि कडकट्ट एवढ्या दोन आवाजांत अख्ख्या तालुक्याची बारशी, मयतं आणि नोकरीचे हुकूम त्यांच्या बोटाखालून गेले. पुढं तार बंद झाली आणि सायबांनी त्यांना बिलं भरायच्या खिडकीवर बसवलं. तिथंही ते पावती फाडून 'के' म्हणत आणि माणूस 'के' म्हणेपर्यंत मोड देत नसत. रांग दारापर्यंत जायची.

तार गेली, पण बोटांची खाज गेली नाही. सरकारची परीक्षा देऊन त्यांनी हॅम रेडिओचा परवाना काढला. घरात बसून जगभरच्या अनोळखी माणसांशी रेडिओवरून बोलायचं, असा तो छंद आहे. तात्या तोंडानं बोलत नाहीत, तारेच्या मोर्स लिपीत टिकटिक करूनच बोलतात. सुटे भाग गोळा करून त्यांनी माजघरात यंत्र उभं केलं आणि त्याची लांबलचक तार स्वतःच्या गच्चीवरून आणून आमच्या शेवग्याला बांधली. मला विचारलं नाही. मी जाब विचारायला गेले तर म्हणाले, "शेवगा तुजा हाय. वरची हवा सगळ्यांची हाय. के."

तर, टिकटिकीत एकेक अक्षर बडवावं लागतं. त्यात वेळ जातो, बोट दुखतं. म्हणून या मंडळींनी सगळ्याची तोकडी रूपं करून ठेवलीत. 'माझं बोलून झालं, आता तू बोल' एवढं सगळं कोण बडवत बसणार? म्हणून 'के'. दा-डी-दा. एक लांब, एक तोकडा, एक लांब. पण जगातली बाकीची हॅम मंडळी ही अक्षरं यंत्रापाशी ठेवून जेवायला उठतात. तात्या ती ताटावरही घेऊन येतात.

माणसांच्या गोंगाटानं बोलण्यात अडथळा आला की त्याला क्यूआरएम म्हणतात. ही पदवी तात्यांनी माझ्या मिक्सरला दिली आहे. मी मिक्सर लावला की त्यांच्या यंत्रात खरखर होते म्हणे. एकदा कुंपणावरून डोकावून म्हणाले, "वैशू, तुजी चटणी जपानला ऐकू गेली. के." मी म्हटलं, जपानला सांगा, खोबरं संपलंय म्हणून आज शेंगदाण्याची आहे. के. त्यांनी खरंच जाऊन सांगितलं असणार, मला खात्री आहे.

हॅम मंडळी एकमेकांना ओएम म्हणतात. म्हणजे 'ओल्ड मॅन', आपल्याकडं 'अरे बाबा' म्हणतो तसं. तात्या सगळ्या पुरुषांना ओएम म्हणायला लागले. आता आमची आळी विहाराच्या मागची. तात्यांच्या वडिलांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं दीक्षा घेतलेली, आणि त्यांचा मुलगा रस्त्यानं जाता-येता "काय ओम, बरंय का ओम" करत फिरतोय. कुजबुज झाली. शेवटी विहार समितीची तीन वयस्क माणसं एका रविवारी तात्यांकडं चहाला गेली. बराच वेळ पावसापाण्याचं बोलली. मग त्यातल्या एकानं घसा साफ करून हळूच विचारलं की, तात्या, तुमच्या मनात काही दुसरं तर नाही ना आलं. तात्यांना काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी इंग्रजीतला ओ वेगळा आणि एम वेगळा असं फळ्यावर लिहून दाखवलं. समितीचं समाधान झालं, पण तेव्हापासून आळीतली पोरं तात्यांना 'ओमतात्या' म्हणतात ते म्हणतातच.

७३ म्हणजे 'सप्रेम नमस्कार'. तात्यांचा कुठलाही मेसेज ७३ नं संपतो. गावच्या सोसायटीच्या चेअरमनचा वाढदिवस होता. चेअरमन केसांना काळं लावतात आणि वयाचा विषय निघाला की खोलीतून उठून जातात. ग्रुपवर सगळ्यांनी हार, केक, वाघ टाकले. तात्यांनी नुसतं '७३' टाकलं. चेअरमननं त्यांना ग्रुपमधून काढलं. मग मी मध्यस्थी केली आणि तात्यांना परत घेतलं, तर आल्या आल्या त्यांनी आभाराचा मेसेज केला आणि खाली लिहिलं, ७३.

आणि 'हाय हाय'. मोर्समध्ये हसायचं कसं, तर चार टिचक्या आणि दोन टिचक्या, पुन्हा चार आणि दोन. अक्षरांत ते एच आय, एच आय होतं. समोरच्यानं विनोद केला की ही मंडळी 'हाय हाय' पाठवतात. तात्यांनी तोंडानं हसणं कधीच सोडलंय. विनोद आवडला की गंभीर चेहऱ्यानं "हाय हाय" म्हणतात. त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि सून पहिल्यांदा पुण्याहून राहायला आली. दुपारी माजघरातून सासऱ्यांचा आवाज, "हाय हाय." थोड्या वेळानं परत, "हाय हाय." पोरगी पळत माझ्या दुकानात, पायात चप्पल नाही, मामंजींच्या छातीत दुखतंय म्हणून रडतेय. मी बीपीचं मशीन घेऊन धावत गेले. तात्या मजेत बसलेले. कुण्या ब्राझीलवाल्यानं त्याच्या बोकडाची काहीतरी गंमत सांगितली होती.

राहिल्या शेवंताकाकू. म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवती. हॅम मंडळी कुठल्याही बाईला वायएल म्हणतात, म्हणजे यंग लेडी. आणि लग्न झालं की ती एक्सवायएल, म्हणजे एके काळची यंग लेडी. तात्या काकूंना 'आमची एक्सवायएल' म्हणतात. माझ्या प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा होणारे जावई लोणी भापकरहून पहिल्यांदा घरी आले. मी शेजारी ओळख करून द्यायला नेलं. तात्या म्हणाले, "ही आमची एक्स..." आणि नेमका ठसका लागला. पुढचं राहूनच गेलं. जावई जाताना प्राचीला म्हणाले, तुमचं गाव फार पुढारलेलं आहे, घटस्फोट झाला तरी किती छान एका घरात राहतात, एकमेकांना पाणी देतात.

अजून एक तोकडं रूप आहे आणि ते मला अपघातानंच कळलं. चारेक वर्षांपूर्वी शेवगा छाटायचा होता म्हणून तार काढा, असं सांगायला मी गेले. तात्या यंत्रापुढं बसलेले आणि कान लालबुंद. मी विचारलं, काय झालं, ताप आहे का? तात्यांनी आधी स्वयंपाकघराकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले की बल्गेरियातल्या एका बाईनं बोलणं संपवताना अठ्ठ्याऐंशी दिलं. म्हटलं, म्हणजे? तर म्हणाले, "म्हंजी पिरेमानं पापा. तिकडं रीत हाय तशी. तिच्या मनात काय नसतंय." आणि टेबलावर बोटानं वाजवून दाखवलं. तीन लांब, दोन तोकडे. पुन्हा तीन लांब, दोन तोकडे. "ऐकायला किती ग्वाड हाय बघ," म्हणाले. 'के' म्हणायचं विसरले, यावरून काय ते समजा. मी चेष्टेनं विचारलं, काकूंना कधी दिलं का अठ्ठ्याऐंशी? तर म्हणाले, "तिला कुठं मोर्स येतंय. के."

काकूंना मोर्स येत नसेल, पण गाता येत होतं. आमच्याकडं लग्न साधंसुधं लागतं, पण हळद म्हटली की बायकांपुढं कुणाचं काही चालत नाही, आणि हळद म्हणजे शेवंताकाकू. जयंतीचा पाळणाही त्यांचाच. काकूंनी एक ओळ म्हणायची, बायकांनी ती उचलायची, बायकांची म्हणून संपली की काकूंनी पुढची टाकायची. यात एका श्वासाचीही फट राहायची नाही. प्राचीच्या बारशाला काकूंनीच पाळणा म्हटला आणि पाळण्यातल्या पोरीला सांगितलं की तुझी हळदही मीच गाणार. मी ते सगळ्या पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते.

आणि नेमकं त्या हळदीच्या दोन वर्षं आधी काकूंनी गाणं बंद केलं. कुणीही बोलवायला आलं की घसा बसलाय. मी चघळायच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी आळीतल्या पोरांना वाटल्या. बायका म्हणायला लागल्या की शेवंता भाव खाते. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, कारण दोनदा मी रस्त्यात मागून हाका मारल्या आणि काकू सरळ पुढं निघून गेल्या. मी मानी बाई आहे. तिसऱ्यांदा हाक मारली नाही. दर महिन्याला दोघं नवराबायको बारामतीला डॉक्टरकडं जायची. विचारलं तर तात्या म्हणत, दातासाठी. आणि बारामतीहून येताना काकू बसस्टँडवरचा ऊस दातानं सोलून खात यायच्या. लोकांची दुखणी मी चिठ्ठी न बघता ओळखते, अशी माझी ख्याती आहे. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

याच काळात तात्यांचं वेड मात्र वाढलं. आधी ते यंत्रापुढं टिकटिक करायचे, आता दिसेल तिथं करायला लागले. एसटीत काकूंच्या खांद्यावर, कुणाकडं बसायला गेले की काकूंच्या हातावर, वंदनेच्या वेळी विहारात त्यांच्या पाठीवर. बोट थांबायचंच नाही. शिवाय काकू जिथं जातील तिथं हे मागं. बचत गटाच्या बैठकीत पुरुषाचं काय काम? तर हे काकूंच्या शेजारी बसून त्यांच्या मनगटावर टिचक्या मारतायत. बायका तोंडाला पदर लावून हसत. कुणी म्हणालं, तारेचा माणूस, शेवटी तार सटकली. तात्या ऐकत आणि म्हणत, "हाय हाय. के."

प्राचीची तारीख धरली आणि मी मान गुंडाळून ठेवून काकूंकडं गेले. म्हटलं, काकू, दुसऱ्या कुणाची हळद गाऊ नका, पण या पोरीची गा. तुम्ही नाही म्हणालात तर मी डीजे लावीन आणि तुमच्या घराकडं तोंड करून लावीन. काकू माझ्याकडं बघून हसल्या. मग तात्यांकडं बघितलं. तात्यांचं बोट त्यांच्या मनगटावर चाललंच होतं. ते थांबलं, मग काकूंचे डोळे भरून आले आणि म्हणाल्या, "गाईन. पर ह्येंनी माज्या पाठीमागं बसायचं." मी म्हटलं, बसू देत. मनात म्हटलं, म्हातारपणी काय नखरे आहेत एकेकाचे.

हळदीच्या दिवशी उन्हं कलली तशी मंडप बायकांनी भरला. लोणी भापकरची पाहुणेमंडळी आली, कळसच्या माझ्या नणंदबाई आल्या. या वन्सं म्हणजे आमच्या घराण्याची पोलीस चौकी. काकू नवं हिरवं लुगडं नेसून माईकपुढं बसल्या. मागं तात्या खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी काकूंच्या पाठीवर बोट टेकलं. एवढ्या बायकांत एकटा पुरुष, आणि तोही सगळ्यांदेखत बायकोच्या पाठीला हात लावून. नवऱ्याकडच्या पोरी खिदळायला लागल्या. वन्संना ते सहन होईना. त्या उठून गेल्या आणि म्हणाल्या, तात्या, इथं बायांचं चाललंय, तुम्ही बाहेर गड्यांत बसा, तिथं चहा आलाय. तात्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, पण मी हळदीच्या वाट्या मोजत होते. वन्सं तिथं 'के' न म्हणता उभ्याच राहिल्या. तात्या उठून निघून गेले.

काकूंनी पहिली ओळ टाकली. आवाज तसाच, भरदार, मंडपाच्या टोकापर्यंत गेला. घसा बसला म्हणे. बायकांनी ओळ उचलली. आणि त्यांची अर्धी होते न होते तोच काकूंनी त्यांच्यावर दुसरी टाकली. दोन्ही एकमेकींत अडकल्या. बायका थांबल्या, हसल्या, सावरून घेतलं. पुढच्या वेळी बायकांची म्हणून झाली तरी काकू गप्पच. सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघतायत आणि काकू सगळ्यांच्या ओठांकडं. कुणीतरी ओरडलं, म्हना की. काकूंनी मान वळवून मागं बघितलं. खुर्ची रिकामी होती. मी त्यांचा चेहरा बघितला आणि हातातली वाटी तशीच खाली ठेवली. जत्रेत हात सुटलेल्या पोराचा असतो तसा तो चेहरा होता.

मी बाहेर गेले. तात्या गड्यांत नव्हते. मंडपाच्या कडेला, रचलेल्या खुर्च्यांच्या मागं उभे होते आणि मंडपाच्या खांबावर बोट वाजवत होते. दा-डी-दा. दा-डी-दा. लोखंडी खांबावरून ते काकूंपर्यंत पोचेल असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे. मला बघून थांबले.

"वैशू, तिला ऐकू येत न्हाय. लई दिस झालं. कुनाला सांगू नगंस. के."

आणि नेमाप्रमाणं माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. मला रडू फुटत होतं, पण 'के' आल्यावर बोलावं लागतं.

"न्हाय सांगत, तात्या. के."

मग त्यांनी भराभरा सांगितलं. बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं जात होते. मशीनही आणलं होतं, पण ते घातलं की काकूंना सारखी भांडी आदळल्यासारखी वाटायची, म्हणून त्यांनी ते डाळीच्या डब्यात टाकलं. कळलं तर लोक आपल्याला गायला बोलावणार नाहीत, कोपऱ्यात बसवतील, कानाशी तोंड आणून ओरडतील, ही धास्ती त्यांनी घेतलेली. म्हणून तात्यांनी त्यांना मोर्स शिकवलं. रोज चहाच्या वेळी, पाठीवर. अख्खं बोलणं बडवायला गेलं तर समोरचं माणूस कंटाळून उठून जाईल, म्हणून तोकडी रूपं. कोण आलं, काय विचारतंय, हसायचं की हळहळायचं, सगळं दोन-चार टिचक्यांत. आणि बायकांची ओळ संपली की 'के'. आता तुझी पाळी.

"लोकं मला येडा म्हनत्यात," तात्या म्हणाले, "म्हनू देत. तिला भैरी म्हनायला नगं."

(हे सगळं मी आता लिहिते आहे ते काकूंना विचारून. विचारलं तात्यांच्या बोटानं. होकार आला, आणि लुगडं हिरवं होतं हे लिही, असा निरोपही आला.)

मी तात्यांचं मनगट धरलं आणि मंडपात घेऊन आले. वन्सं आडव्या आल्याच. मी म्हटलं, वन्सं, माईकची वायर ढिली आहे, म्हणून तर मघाशी सगळा घोळ झाला. तात्या रेडिओचे जाणकार आहेत, त्यांनी वायर धरल्याशिवाय माईक नीट चालणार नाही. मंडपवाल्याचा माणूस काहीतरी बोलणार होता, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. कोपऱ्यात वायरीचा एक तुकडा पडला होता. त्याची दोन्ही टोकं कशालाच जोडलेली नव्हती. तो मी तात्यांच्या डाव्या हातात दिला. उजवं बोट काकूंच्या पाठीवर गेलं.

काकूंनी मागं वळून बघितलं नाही. नुसत्या ताठ बसल्या.

मग जे गाणं झालं त्याची लोणी भापकरची मंडळी अजून आठवण काढतात. काकूंची ओळ, बायकांची ओळ, आणि मध्ये एका श्वासाची फट नाही. मी पोरीच्या गालाला हळद लावत होते, पण माझं लक्ष त्या बोटावर होतं. बायकांचा शेवटचा शब्द सुटला की दा-डी-दा, आणि काकूंचा आवाज उठायचा. गर्दी वाढली, लहान पोरं ओरडायला लागली, कुणीतरी बाहेर ट्रॅक्टर सुरू केला, तरी काकू एकदाही चुकल्या नाहीत. उलट बाकीच्या बायकाच ट्रॅक्टरनं दोनदा चुकल्या. प्राचीला यातलं काही माहीत नव्हतं. ती नुसती त्यांच्याकडं बघत रडत होती, आणि हळद ओघळत होती.

गाणं संपलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, वन्संनीसुद्धा. वन्सं उठून तात्यांना म्हणाल्या, वायर चांगली धरलीत हो तुम्ही. तात्या वायरीकडं बघत म्हणाले, "सवय हाय. के." वन्सं 'के' काही म्हणाल्या नाहीत, म्हणून ते संभाषण तिथंच राहिलं.

सगळ्या जेवायला उठू लागल्या. काकू तशाच बसून होत्या, तात्यांचं बोटही तिथंच होतं. मला वाटलं, आता काय राहिलं सांगायचं? मी बघत राहिले. तीन लांब, दोन तोकडे. थोडं थांबून पुन्हा तीन लांब, दोन तोकडे. तात्यांचे कान लालबुंद झाले होते.

काकूंनी पदर तोंडाला लावला, मान खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, "हाय हाय."

वन्सं दचकल्या. धावत मागं आल्या आणि विचारायला लागल्या की काकूंना काय होतंय, छातीत दुखतंय का, गोळी आहे का कुणाकडं. काकूंना ऐकू आलं नाही. तात्या वायर गुंडाळत होते.

"काही नाही वन्सं," मी म्हटलं. "हसतायत त्या."